दाजी, तो कठडा माझा होता

दाजी, परवा तुमच्या तेरवीचा मांडव घातला आणि तो वाकडा घातला. उजव्या कोपऱ्याचा बांबू चांगला चार बोटं बाहेर गेला होता. मी पाहिलं, अक्कानं पाहिलं, मुक्तानं पाहिलं. तिघंही गप्प बसलो, कारण असं काही दिसलं की बोलायचं खातं तुमच्याकडं होतं. तुम्ही असतात तर एक डोळा मिटून बघितलं असतंत, मांडववाल्याच्या खांद्यावर हात ठेवला असतात आणि म्हणाला असतात, "तुझं चुकलं न्हाई, जमीनच तिरपी हाय. तरी बी एकदा काढून घाल." आणि त्यानं हसत हसत काढून घातला असता. शेवटी मुक्ताच उठली. "बाबांना बघवलं नसतं," म्हणाली आणि समोर उभी राहून तिनं बांबू सरळ करून घेतला. लेक तुमच्यावरच गेली आहे, याबद्दल आता कुणाला शंका उरलेली नाही.

पेपरला तुमची माहिती तिनंच दिली. जन्म निलंग्याकडचा, शिक्षण अमुक, बांधकाम खात्यात इतकी वर्षं नोकरी, मागं पत्नी आणि मुलगी. फोटोही बरा आला आहे, शर्टाचं वरचं बटण लावलेला. सगळं खरं, पण वाचताना मला ती दुसऱ्याच कुणाची तरी माहिती वाटली. त्यात लसूण नव्हता, मापाची टेप नव्हती, तुमचं ते "साकु, साकु" नव्हतं. आणि आमच्या ओढ्यावरच्या पुलाबद्दल तर एक अक्षर नव्हतं.

त्या पुलाचंच बोलायचं आहे. मी तुमचा मेहुणा, लोह्याजवळच्या खेड्यातला प्राथमिक शाळेचा मास्तर. माझ्या एका चुकीचा डाग अकरा वर्षं तुमच्या नावावर होता. तुम्ही तो आपणहून घेतलात आणि मी घेऊ दिला. तो पुसायचा असं मी कितीदा तरी ठरवलं आणि दर वेळी शेपूट घातलं. मग तुम्ही एका दुपारी जेवून आडवे झालात आणि चहाला उठलाच नाहीत. काल मात्र मी बोललो. त्याचं काय झालं हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून आज शाळेतून रजा काढून बसलोय.

पण तिथं जायच्या आधी तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात ते आठवू द्या. अक्काला बघायला आला होता. बरोबर तुमच्या आई, कानडी मिसळून बोलणाऱ्या, आणि एक काका. पोह्यांच्या बशा आल्या, अक्का आली, बसली. काका म्हणाले, "काय विचारायचं ते विचार." आणि तुम्ही पार ओसरीच्या पलीकडं, गोठ्याच्या छपराकडं बघत होता. आमचे आप्पा अस्वस्थ झाले. त्यांना वाटलं, मुलगी पसंत नाही. तेवढ्यात तुम्ही तोंड उघडलंत, "ती तुळई वाळवीनं खाल्लीय. बैल बाहेर बांधा."

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या वडिलांनी घातलेली तुळई होती ती. पाहुणे गेल्यावर ते दिवसभर धुमसत होते. "पोरगी बघायला आलता का छप्पर?" असं त्यांनी मलाही दोनदा विचारलं, जणू मीच तुम्हाला आणलं होतं. चौथ्या दिवशी भर दुपारी तुळई कडाडली आणि निम्मं छप्पर खाली आलं. आम्ही धावत गेलो तर बैल बाहेर, लिंबाखाली, आरामात रवंथ करत होते. आप्पांना न विचारता अक्कानं पहिल्याच दिवशी त्यांना तिकडं बांधलं होतं. आप्पांनी एकदा बैलांकडं बघितलं, एकदा लेकीकडं बघितलं आणि त्याच आठवड्यात ते निलंग्याच्या एसटीत बसले. तुमचं लग्न जुळलं ते असं. अक्का अजूनही म्हणते, "मला एक प्रश्न न विचारता मला पसंत केलं." तुमचं उत्तर ठरलेलं होतं, "उत्तर लिंबाखाली बांधलेलं दिसलं की."

आमच्याकडं जेवायला बसलात की तीन भाकरींनंतर हात आडवा धरून तुम्ही "साकु, साकु" म्हणायचात. पुरे म्हणण्याचा हा तुमच्याकडचा कानडी शब्द आमच्या घरात असा रुजला की माझी पोरं गणिताचा अभ्यास नको झाला तरी साकु म्हणायला लागली. तुमच्या लातूरच्या घरात तर तुम्ही सरकारी अधिकारी कमी आणि स्वयंपाकघरातले मदतनीस जास्त होता. कानाला फोन, पलीकडं कुणीतरी ठेकेदार रडतोय, आणि तुम्ही मांडीवर पेपर पसरून लसूण सोलताय. "वाळूत माती हाय तुझ्या, मी हातात घेऊन बघितलीय," असं दरडावता दरडावता अक्काला खुणेनं विचारायचं, अजून सोलू का? रविवारी सकाळी नाश्त्याला सुशीला तुम्हीच करायचात. चुरमुरे किती वेळ भिजवायचे यावर तुमचं आणि अक्काचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. खायला मात्र अख्खी गल्ली यायची.

मुक्ताच्या शाळेतल्या पालकसभा तुम्ही एकही चुकवली नाहीत. तिथं जाऊन मुलीचे मार्क विचारण्याऐवजी तुम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजायचात. हेडबाई तुम्हाला लांबून बघूनच म्हणायच्या, "बोला, आता काय पडणार आहे?" मुक्ता लाजून चूर व्हायची. परवा मात्र हीच गोष्ट ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगत होती, आणि सांगता सांगता मध्येच उठून आत जात होती.

आणि गल्लीतल्या बोरवेलचं ते प्रकरण. लातूरला उन्हाळ्यात पाण्याची काय तऱ्हा होते ते मी वेगळं सांगायला नको. प्रत्येक गच्चीचं पाणी नळीनं खाली आणून बोराजवळच्या खड्ड्यात मुरवायचं, एवढंच तुमचं म्हणणं. त्यासाठी तुम्ही दारोदार फिरलात. समोरचे निवृत्त तहसीलदार काही ऐकेनात. मी तेव्हा तुमच्याकडंच उतरलो होतो, म्हणून ते बोलणं मी स्वतः ऐकलंय. ते म्हणाले, "माझ्या गच्चीचं पाणी माझ्याच बोरात जाईल याची गॅरंटी काय?"

तुम्ही म्हणालात, "काहीच न्हाई, साहेब. शेजाऱ्याच्या बोरात बी जाईल. पण शेजाऱ्याच्या गच्चीचं तुमच्यात येईल. जमिनीखाली कंपाउंड वॉल नसती."

तरी ते ऐकले नाहीत. तुम्ही त्यांच्याकडं सात वेळा गेलात, दर वेळी बिनसाखरेचा चहा घेऊन तासभर बसलात. आठव्या वेळी त्यांनी दारातच हात जोडले, "खड्डा घ्या, पण आत येऊ नका." परवा तेरवीला पंगतीत वाढायला सगळ्यात पुढं तेच होते. हातात वरणाची बादली घेऊन सगळ्यांना आग्रह करत होते, आणि डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

आता पूल.

आमचं गाव आणि शाळा यांच्यामध्ये ओढा. एरवी पोरं दगडांवरून उड्या मारत यायची, पावसाळ्यात चार-चार दिवस शाळा बुडायची. त्यातही मुलींची जास्त, कारण मुलगी चार दिवस घरी राहिली की पाचव्या दिवशी तिला शेतात नेणं आईबापाला सोपं जातं. माझ्या हजेरीपटात जुलै-ऑगस्टमध्ये मुलींच्या नावापुढं नुसत्या फुल्या असायच्या. मी तुमच्यापुढं रडगाणं गायलो. तुम्ही सुट्टीच्या दिवशी येऊन ओढ्यात उतरलात, पँट गुडघ्यापर्यंत, टेप हातात, आणि तिथूनच ओरडलात, "मास्तर, हजेरी लावायला लागा!" ग्रामपंचायतीकडून मंजुरी आणवली, गावाला श्रमदानाला लावलं, आणि एका उन्हाळ्यात सिमेंटच्या मोठ्या नळ्या टाकून वरून काँक्रीटचा बुटका पूल उभा राहिला. गावात तुमचा मान आधीच होता, कारण तुम्ही गावचे जावई. आमच्याकडं जावई एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. त्याला कुणी उणा शब्द बोलायचा नसतो. पूल झाल्यावर तर चहा प्यायला तुम्हाला दहा घरं कमी पडायची.

भांडण लागलं ते आपल्या दोघांत. पुलाला कठडा नव्हता. मी म्हटलं, "दाजी, लहान लेकरं. कडेवरून घसरलं एखादं तर?"

"पावसाळ्यात पाणी वरून जाणार. ते सुखानं जाऊ दे. कठडा घातला की वाहून आलेला सगळा केर त्यात अडकतो, आणि मग पाणी कडेची माती खातं."

"कागदावर खातं. इथं लेकरं चालणार हायेत."

"मी कागदावर नांदत न्हाई, बालाजी. मी बी त्याच पुलावरून येतो."

तुम्ही हसत बोलत होता आणि मला ते हसणं झोंबत होतं. मला वाटलं, शेवटी साहेबच ना, मास्तराचं कशाला ऐकतील. हे अगदी खोटं होतं, पण रागात असताना माणसाला असलंच काहीतरी खरं वाटतं.

मग मी तो शहाणपणा केला. दिवाळीच्या सुट्टीत, तुम्ही लातूरला असताना, गावातल्या चाँदभाईंना गाठलं. चाँदभाई म्हणजे नांगराच्या फाळापासून मशिदीच्या जाळीपर्यंत सगळं वेल्डिंग करणारा माणूस. ते म्हणाले, "गुरुजी, साहेबांना पुसलं का?" मी म्हटलं, "त्यांनीच सांगितलंय. पण कुणाला सांगू नका." आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगणाऱ्या माणसाचं हे वाक्य. दोन दिवसांत दोन्ही बाजूंना पाइपांचा कठडा उभा राहिला, वर हिरवा रंग. लेकरं त्याला धरून चालायला लागली आणि माझी छाती फुगली. तुम्ही पुढच्या वेळी आलात की दाखवायचा, असा माझा बेत होता. पण त्या वर्षी तुमचं येणंच झालं नाही. तुमच्या आधी पाऊस आला.

पुढच्या ऑगस्टमध्ये ओढा असा फुगला की म्हाताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. वरच्या शेतांतल्या कापसाच्या पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या, कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा, सगळं येऊन माझ्या कठड्यात अडकलं. पाणी तुंबलं. तुम्ही सांगितलं होतं अगदी तसंच ते बाजूला वळलं, पुलाच्या टोकाचा भराव त्यानं कापून नेला, आणि शेजारच्या किसनमामांच्या शेताचा एक मोठा पट्टा, उभ्या सोयाबीनसकट, घेऊन गेलं. माणूस कुणी दगावलं नाही, एवढीच देवाची कृपा. शाळा तीन आठवडे बंद राहिली. माझ्या हजेरीपटात पुन्हा फुल्या.

तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात. वाकलेल्या पाइपाजवळ उभे राहिलात. मी शेजारी, खाली मान घालून. मला वाटलं, आता सगळं बाहेर निघणार. तुम्ही पाइपावरून हात फिरवून विचारलंत, "पाइप दीड इंची घेतला का दोन?"

"दोन."

"म्हणून एवढा टिकला," म्हणालात आणि पुढं चालू लागलात.

त्याच संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. कठडा कुणी घातला, असा प्रश्न आला. मी उठायला लागलो, खरंच लागलो होतो, तर तुम्ही माझा गुडघा दाबून धरलात आणि स्वतः पुढं जाऊन उभे राहिलात. "डिझाइन माझं, कठडा बी मीच घालायला लावला. चुकलो," म्हणालात. किसनमामा उठले आणि त्यांनी तुम्हाला झाडलं. गावच्या जावयाला! "तुमच्या इंजनेरीला आग लावा," इथून सुरू करून ते पार निलंग्यापर्यंत पोचले. तुम्ही हात जोडून सगळं ऐकून घेतलंत. मी तुमच्या मागं बसून तुमच्या शर्टाची शिवण बघत राहिलो.

परत जाताना मी एवढंच म्हणालो, "दाजी, मी सांगतो सगळ्यांना." तुम्ही म्हणालात, "आधी भराव घालू." आणि पुढचे सहा रविवार तुम्ही येऊन भराव घालून घेतलात. किसनमामांच्या शेताच्या कडेला दगडांचा बांध घालून घेतलात. कठड्याच्या जागी पुलाच्या दोन्ही कडांना हातभर उंचीचे पांढरे दगड रोवलेत, मध्ये मोकळ्या फटी ठेवून. पोरांना गोळा करून नियम शिकवलात, दगडाच्या बुडाला पाणी लागलं की पुलावर पाऊल टाकायचं नाही. तो नियम आमच्या शाळेत पाढ्यांच्या आधी शिकवतात, आणि तेव्हापासून त्या पुलावर कुणालाही इजा झालेली नाही.

पण मी सांगितलं नाही. किती वेळा ठरवलं म्हणून सांगू! लोह्याहून लातूरला येताना एसटीत वाक्यं जुळवायचो. घरात पाऊल टाकलं की तुम्ही हातात लसणाची ताटली द्यायचात आणि सुरू व्हायचात, "नांदेडला गोदावरी हाय म्हणून तुम्ही लोक आळशी झालात. पाणी कसं वापरावं हे लातूरकराला विचारा." मग नांदेड चांगलं की लातूर, धपाट्याला ज्वारीचं पीठ जास्त की बेसन, पोरांना घरचा अभ्यास द्यावा की नाही, यावर आपलं जुंपायचं. तुमच्या लक्षात आलं होतं का माहीत नाही, पण त्या ग्रामसभेनंतर मी तुमच्याशी कधी शेवटपर्यंत भांडलो नाही. अर्ध्यावर पोचलो की मला तुमचे ते जोडलेले हात दिसायचे, आणि मी म्हणायचो, "असेल बा, तुमचंच खरं." धपाट्याच्या बाबतीत तर तुमचं साफ चूक होतं. तरी मी हरलो.

तुमचा शेवटचा फोन आला तेव्हा तुम्ही गुडघ्याचं गाऱ्हाणं करत होता. बोलता बोलता म्हणालात, "बालाजी, जिना उतरताना हाताला कायतरी लागतंय रे आता. तू कठड्याचं म्हणत होतास, ते अगदीच काही येड्यासारखं नव्हतं." हीच वेळ होती. आणि मी काय बोललो? "डॉक्टरला दाखवा." आठ दिवसांनी अक्काचा फोन आला.

तेरवी लातूरला झाली, पण गावानं हट्ट धरला की सभा इथं घ्यायची, जावई आमचा आहे. म्हणून काल शाळेच्या त्याच व्हरांड्यात सगळे जमले. अक्का आणि मुक्ता आल्या होत्या. तुमच्या हाताखाली शिकलेल्या एक इंजिनिअर बाईही लातूरहून मुद्दाम आल्या होत्या. त्या चांगलं बोलल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्याकडं नवीन मुलं आली की मी त्यांना सरांच्या याच पुलाचं उदाहरण देते. एवढा मोठा माणूस, पण इथं कठडा घालायची चूक करून बसला. आणि मोठेपण असं, की भर सभेत कबूल केली."

दाजी, म्हणजे तुमची चूक म्हणून माझा कठडा लातूरला नव्या पोरांना शिकवला जातोय! ज्या एका गोष्टीत तुम्ही सोळा आणे बरोबर होता, तीच तुमच्या नावावर चूक म्हणून चालली आहे, आणि उद्या आम्ही सगळे गेलो तरी चालत राहणार. मी उभा राहिलो. म्हणालो, "बाई, ती चूक दाजींची न्हाई. कठडा म्या घातला. त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं, म्या त्यांना चोरून घातला. चाँदभाईला खोटं सांगितलं. मामा, तुमचं शेत माझ्यामुळं वाहून गेलं आणि शिव्या त्यांनी खाल्ल्या. अकरा वर्षं म्या तोंड उघडलं न्हाई."

मी मान खाली घालून उभा. मग किसनमामांचा आवाज आला, "बसा गुरुजी. ठाऊक हाय."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"कठडा घातला तवापासून. तुमी भर दुपारी, गावच्या मधोमध, दोन दिवस ठिणग्या उडवून राहिले, आन आम्हाला दिसणार न्हाई व्हय?"

चाँदभाई मागून म्हणाले, "गुरुजी, तुमी मला कुणाला सांगू नका म्हनले. सांगायचं कुणाला? निम्मं गाव तर पाइप धरायला व्हतं."

पोरंसोरं हसायला लागली. मी म्हटलं, "मग मामा, तुम्ही दाजींना एवढ्या शिव्या कशाला दिल्या?"

ऐंशी वर्षांचे किसनमामा काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. ते म्हणाले, "त्येनीच सांगितलं म्हनून. ते त्या दिवशी गावात आले ते आधी माझ्याच घरी आले. म्हनले, मामा, सभेत शिव्या मला द्या. म्या म्हनलं, न्हाई जमायचं, गावच्या जावयाला शिव्या? जीभ झडंल माझी. तर म्हनले, जावयाला दिलेल्या शिव्या गाव आठ दिवसांत विसरतं. मास्तराला दिल्या तर त्याची शाळा गेली. उद्या त्याला वर्गात उभं ऱ्हायचंय. पोरींच्याच पायी केलंय त्यानं, चुकला तरी. तुमी मला द्या, आन कमी पडू देऊ नका. त्याला खरं वाटलं पाह्यजे." मामांनी काठीवरची हनुवटी उचलली. "लई जिवावर आलं व्हतं. मदी मदी विसरायचो, तर ते हात जोडल्यावानी करून मला डोळ्यानं खुणवायचे, आनखी, आनखी."

म्हणजे दाजी, ती अख्खी ग्रामसभा एका माणसासाठी होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि ज्याच्यासाठी हे नाटक चाललं होतं तो पहिल्या रांगेत बसून शर्टाची शिवण बघत होता. नंतर अकरा वर्षं गावानं तुमचा शब्द पाळला. या गावात कुणाच्या घरी कढीला ऊत आला तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, त्या गावानं! अक्काकडं बघितलं तर ती पदर तोंडाला लावून गदागदा हलत होती. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "मला घरी येऊन करून दाखवलं होतं त्यांनी, किसनमामा कसे ओरडले ते." मुक्ताही हसत होती, लातूरच्या बाईही हसत होत्या आणि वहीत काहीतरी खोडून नवीन लिहून घेत होत्या. तुमच्या शोकसभेत गाव असं हसलं की रस्त्यानं जाणारे दोघं लग्न आहे का म्हणून डोकावून गेले.

मी मात्र रडलो. तुम्ही गेल्याच्या दिवशी रडू आलं नव्हतं, अग्नी दिला तेव्हा आलं नव्हतं, तेरवीला आलं नव्हतं. काल आलं, आणि चांगलं मोठ्यानं आलं. माझ्यावर एवढी माया कुणी केली आणि मला कळूही दिली नाही, या विचारानं आलं. चाँदभाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

दाजी, आता माझं ऐका. तुम्ही माझी शाळा वाचवलीत, त्यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे, हे आज सरळ सांगतो. पण तुम्ही मला फसवलंतही. तुमच्यापुढं मी अकरा वर्षं नमतं घेतलं, एकही वाद तडीला नेला नाही, आणि तुम्ही मिशीत हसत सगळे जिंकत गेलात. नांदेडही हरलो, धपाटेही हरलो, घरचा अभ्यासही हरलो. कालपासून माझी मान मोकळी आहे. आता तुम्हाला एका मुद्द्यावर सोडणार नव्हतो. सगळी उत्तरं तयार आहेत, एकेक, जिभेच्या टोकावर, आणि समोर तुम्ही नाही.